विहिरीतली उशी

हे कोणाला पटत नाही. तुम्हालाही पटणार नाही, आधीच सांगून ठेवतो. आमच्या विहिरीच्या पाण्यातून एक उशी निघाली. कोणाची तरी उशी विहिरीत पडली आणि आम्ही गळ टाकून ती काढली, असं म्हणत नाही मी. पाण्यातूनच निघाली, चिमटीचिमटीनं, चौदा महिन्यांत. आणि मी गाद्या-उशा भरणारा माणूस. चाळीस वर्षं तेच केलं. तेव्हा उशी कशाला म्हणायचं हे मला कोणी शिकवायला नको.

बसा. ट्रक सावलीला लावलात ते बरं केलंत. गोडबोल्या फोन करतो म्हणाला ना तुम्हाला? मग तो आधी जेवेल, मग आडवा होईल, मग करेल. कारखान्याचा मुकादम आहे तो. खरं नाव वेगळं आहे, पण बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याच्या दाताला कीड लागावी. तोवर तुम्हाला काम नाही आणि मला उठायचा कंटाळा. पाणी मात्र मागू नका. चहा सांगतो. चहात ते उकळतं तरी.

अगं, दोन कप चहा टाक गं.

"दूध संपलंय."

बिनदुधाचा टाक. ती आमची सून. घरात आहे, पण कान इकडेच आहे तिचा. म्हातारी नळावर गेलीय, ती काही एवढ्यात येत नाही.

तर मी सांगणार आहे त्यात एक गोष्ट खोटी आहे. एकच. बाकी सगळं जसं घडलं तसं. ती एक पकडलीत, तर मी बसलोय ही जागा तुमची.

वर टेकाडावर तो पत्र्याचा लांबलचक कारखाना दिसतोय, तिथं रुई निघते. कापसाची नव्हे. कारखान्याची रुई. पुढं तिचा धागा होतो, धाग्याचे कपडे होतात. तिची पहिली गाठ माझ्या दुकानात आली तेव्हा मी आत हात घालून बघितला. कापसात हात घातला की कापूस हाताला धरतो, सरकीचं टरफल बोचतं, धूळ नाकात जाते, शिंक येते. हिच्यात काहीच नाही. हात आत गेला आणि परत आला, भेट झालीच नाही म्हणा. मग चिमूटभर काडीवर धरली. कापूस जळतो तो कागदासारखा, राख उरते, फुंकली की गेली. ही जळली नाही. आक्रसली, वितळली आणि काडीच्या टोकाला काळा मणी झाला. मणी बोटावर पडला, तो कातडी घेऊनच सुटला. हा बघा डाग. माझ्यावर विश्वास ठेवू नका, डागावर ठेवा.

त्याच वर्षी माझं पिंजण भिंतीला टांगलं गेलं. कापसाची गादी दोन-तीन वर्षांत दबते. लोक घेऊन यायचे, मी उसवायचो, कापूस पिंजायचो, उन्हात टाकायचो, भरायचो, गादी पुन्हा नवी. या रुईची गादी दबली की दबली. लोक ती नाल्यावर टाकतात आणि दुसरी आणतात. नाल्यावर टाकलेली पहिली गादी अजून तिथंच आहे. तिच्यावर गवत उगवलं, वाळलं, परत उगवलं. तिच्यावर बसणारी शेळी म्हातारी होऊन मेली, आता तिची नात बसते. गादी आहे तशी आहे.

पहिल्यांदा कारखान्यात दाणे यायचे, तांदळाएवढे, पोतीच्या पोती. ते म्हणे जमिनीतल्या तेलापासून करतात. मग एक दिवस गेटवर नवी पाटी लागली, हिरवं पान काढलेली. दाणे बंद. आता जुन्या बाटल्या वितळवून रुई करायची. लोक पाणी पितात, सरबत पितात आणि फेकून देतात, त्या बाटल्या. ऐकायला बरं वाटलं. आम्हालाही वाटलं, नाला तरी मोकळा होईल.

बाटल्या सोलायचं आणि धुवायचं काम मात्र गेटच्या आत नको होतं त्यांना. घाण होते, वास सुटतो, पाणी फार लागतं. आमचं अंगण मोठं, विहीर अंगणातच, आणि दुकान बंद पडलेलं. गोडबोल्या येऊन याच बाकड्यावर बसला. म्हणाला, "आजोबा, घरबसल्या काम. सावली तुमची, पाणी तुमचं, बाटल्या तेवढ्या आमच्या."

त्यातलं 'पाणी तुमचं' मला तेव्हा ऐकूच आलं नाही.

मुलगा वर रुईच्या मशीनवर लागला. म्हातारी, सून आणि मी खाली अंगणात. काम असं: बाटलीवरचा कागद ब्लेडनं कापायचा. झाकण वेगळं. झाकणाखाली गळ्याला एक कडी राहते, ती वाकड्या सुरीनं उडवायची. पांढऱ्या एका बाजूला, हिरव्या-निळ्या दुसऱ्या. मग सोड्याच्या गरम पाण्याच्या पिंपात टाकायच्या आणि लांब दांड्यानं ढवळायच्या, डिंक सुटेपर्यंत. डिंक बाटलीवरून सुटतो तो आपल्यावर बसतो. म्हातारीच्या बांगड्या कोपरापर्यंत चिकटल्या होत्या, आवाजच करायच्या नाहीत. सुनेच्या बोटांची कातडी कांद्यासारखी सुटायची. तिनं हातमोजे मागितले, तर गोडबोल्या म्हणाला, "वहिनी, मोजे घातले की हाताचा गुण जातो." ती म्हणाली, "गुण राहू द्या, हात जातोय." मोजे आले नाहीत. पिंपातलं पाणी दिवस संपताना उपसून टाकायचं. ते अंगणाच्या उताराला लागायचं, आणि उतार कुठं संपतो ते तुम्हाला समोर दिसतंच आहे.

पहिल्या हिवाळ्यात कारखान्यानं घरटी जाकिटं दिली. त्याच रुईची, निळी, केसाळ. गळ्याला चिठ्ठी शिवलेली, पानाचं चित्र, खाली लिहिलेलं की या एका जाकिटात पंचवीस बाटल्या आहेत. म्हातारी ते अंगात घालून अंगणभर फिरली आणि म्हणाली, "पंचवीस बाटल्या, तरी चढली कशी नाही मला?"

ऊब होती, खोटं कशाला बोलू. पण जाकीट धुतलं की पाणी धुरकट व्हायचं. मला वाटलं रंग जातोय. रंग नव्हता. तुसं होती, केसाहून बारीक. धुण्याच्या दगडावर वाळली की फुंकरीनं उडायची. दर धुण्याला निघायची. जाकीट तेवढंच्या तेवढं, आणि तुसं काही संपत नव्हती.

आणि वर पंखा. रुईच्या खोलीतली हवा बाहेर फेकायला भिंतीत मोठा पंखा बसवलाय, त्याचं तोंड आमच्याकडे. मशीन चालू झालं की तुसं सुटतात. झाडावर बसतात, दोरीवरच्या कपड्यांवर बसतात, भातावर बसतात. मुलगा पाळी संपवून घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवया माझ्याहून पांढऱ्या असायच्या. खोकून थुंकला की म्हातारी वाकून बघायची. कौलाखाली चिमणीनं घरटं केलं, अख्खं निळं, एक काडी नाही त्यात. अंडी फुटली, पिल्लं मोठी झाली, आई बाहेरून बोलावतेय आणि ती जागची हलेनात. सून शिडी लावून वर चढली. पाय तुसांत गुरफटलेले. नखं कापायच्या कात्रीनं एकेक पाय सोडवला तिनं. दोन उडाली. तिसऱ्याच्या पायात तुसं मांसात शिरली होती.

पटत नाही ना? हे खरं आहे. पुढं ऐका.

विहिरीचं पाणी शेंदलं की त्यावर साय धरल्यासारखं दिसायला लागलं. म्हातारीनं सुती फडकं दुहेरी करून हंड्याच्या तोंडाला बांधलं. प्रत्येक हंड्यामागं फडक्यावर चिमूटभर तुसं. झटकली तर वाऱ्यानं पुन्हा विहिरीत. पुरली तर पाऊस उकरून काढणार. जाळायला गेली तर त्याचा धूर असा, की शेजारीण भांडायला आली. शेवटी ती पत्र्याच्या डब्यात साठवायला लागली. एक डबा भरला, दुसरा भरला. एक दिवस मी डब्यात बोटं घातली. काय सांगू, हाताला सवय असते. मी भिंतीवरचं पिंजण काढलं, धनुष्याच्या दोरीसारखी त्याची तात ताणली आणि ते सगळं पिंजून काढलं. सात वर्षांनी घरात तो आवाज झाला. म्हातारी चूल सोडून दारात आली. म्हणाली, "कोणाची गादी आलीय?"

मी म्हटलं, "विहिरीची."

जुन्या गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड होतं, त्याचा अभ्रा शिवला. चौदा महिन्यांत उशी भरली. चांगली टणक. त्यात निम्मी तुसं पंख्याची, आणि निम्मी, का नाकारू, आमच्याच अंगावरच्या जाकिटांची.

मुलानं एकदा वर जाऊन सांगितलं, पंख्याला जाळी बसवा, खाली विहीर आहे. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात गेटबाहेर नळ आला. गाळलेलं पाणी, काचेसारखं. कार्ड दाखवा, दोन कॅन भरून घ्या. कार्ड कोणाला? ज्याच्या घरातला माणूस आत कामाला आहे त्याला. म्हणजे आमची विहीरही त्यांच्याकडे आणि तहानही त्यांच्याच खुंटीला. पिण्यापुरतं नळाचं, बाकी सगळं विहिरीचं, असं चाललं. म्हातारी मात्र विहिरीचंच प्यायची. म्हणायची, "मी या घरात आले त्या दिवशी हेच पाणी प्यायले. आता शेवटी शेवटी कार्ड दाखवून पिऊ?" गाळून प्यायची आणि मग जिभेवरून बोटानं काहीतरी काढत बसायची.

आता मुख्य गोष्ट. यंदा पाऊस रेंगाळला, आणि तो सरतो न सरतो तोच थंडी. गार बाटली कोण पिणार? वेचणाऱ्यांची पोती रिकामी यायला लागली. त्यात शहराच्या बाजूला आणखी दोन कारखाने निघाले, त्यांच्याही पाटीवर पान. जुन्या बाटलीला असा भाव आला की लोक अर्धं पाणी ओतून बाटली विकायला काढायचे. आणि आमच्या कारखान्यात कपडेवाल्यांकडून तपासणीची बाई येणार, शुक्रवारी. ती खाली अंगणातही येणार, जुन्या बाटल्यांचा ढीग डोळ्यांनी बघणार, मगच आमच्या धाग्याला ते हिरवं पान लावायला मिळणार.

मंगळवारी ट्रक आला. तुमच्यासारखाच, ताडपत्री बांधलेला. ताडपत्री काढली आणि माझे डोळे दिपले. बाटल्याच, पण नव्या. कधीही न भरलेल्या. वास नाही, तळाला थेंब नाही, ओरखडा नाही. झाकणं वेगळ्या पोत्यात, कागद वेगळ्या खोक्यात.

गोडबोल्या म्हणाला, "आजोबा, यांना जरा वय द्यायचंय."

मी म्हटलं, "नव्या बाटल्याच वितळवायच्या तर मग दाणे काय वाईट होते? यासुद्धा त्याच दाण्यांच्या ना?"

"त्याच."

"म्हणजे दाण्यांच्या बाटल्या फुगवायच्या, ट्रकनं आणायच्या, मळवायच्या, धुवायच्या आणि वर नेऊन परत वितळवायच्या."

"आजोबा, दाण्याच्या धाग्याला पान मिळत नाही. बाटली कोणीतरी प्यायलेली पाहिजे."

"कोण प्यायलंय?"

"तुम्ही," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शुक्रवारपर्यंत."

म्हातारी तिथंच उभी होती. म्हणाली, "नव्याचं जुनं करायचंय ना? द्या माझ्याकडे. आमच्या यांना मीच केलंय."

तीन दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. हसू नका, सोपं काम नाही ते. नवी वस्तू जुनी दिसणं वेगळं आणि वापरलेली दिसणं वेगळं. पहिल्या दिवशी आम्ही त्या चिखलात लोळवल्या. सून म्हणाली, "या प्यायलेल्या नाही दिसत, पुरात वाहून आल्यासारख्या दिसतात." बरोबर होतं तिचं. मग मी डोकं लावलं. माणूस बाटली रिकामी करतो तेव्हा मधोमध दाबतो, अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला. तसंच दाबायचं. कागद लावून बाटली उन्हात एकाच कुशीवर ठेवायची, म्हणजे कागदाच्या एका बाजूचा रंग उडतो, दुसरी तशीच राहते. तळाला गुळाच्या पाण्याचे दोन थेंब टाकून झाकण उघडं ठेवायचं, संध्याकाळपर्यंत मुंग्या. गळ्याशी कडी अर्धी तुटकी. काहींत पान-तंबाखूवाले थुंकतात, ती जबाबदारी शेजारच्या न्हाव्यानं हौसेनं घेतली. सुनेनं त्याच्या बाटल्या वेगळ्या ठेवल्या आणि त्याला अंगणात यायची बंदी केली.

आणि झाकणं. प्रवासात लोकांचा एक हात अडकलेला असतो, ते झाकण दातानं फिरवतात. झाकणावर दाताचे वण पाहिजेत. हे माझ्याच डोक्यातून निघालं, म्हणून काम माझ्याकडेच आलं. गुरुवारी दिवसभर मी याच बाकड्यावर बसून झाकणं चावली. एक पोतं. जेवायच्या वेळी जबडा उघडेना. म्हातारीनं भात कालवून पातळ केला आणि म्हणाली, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा जेवताना गप्प आहात."

त्याच जेवणावर मी मुलाला सांगितलं, अर्ध्या तोंडानं, की उद्या बाई आली की मी तिला उशी दाखवणार. बाहेरची बाई आहे. गोडबोल्याचं ऐकून घेणारी नाही. तिनं एक शब्द लिहिला तरी पंख्याला जाळी बसेल, हे पिंपाचं काम विहिरीपासून हलेल.

मुलानं घास ताटात ठेवला. "बाबा, उशी दाखवलीत की ती विचारणार, एवढ्या बाटल्या कुठून आल्या."

"विचारू दे."

"मग काम बंद. मी घरी. कार्ड गेलं. नळ गेला. आणि विहीर काय दुसऱ्या दिवशी चांगली होणारे का? चौदा महिने झिरपलंय ते. मग प्यायचं काय आपण, उशी पिळून?"

सून त्याच्याकडे बघत होती. तो खोकायला लागला, तिनं पाण्याचा पेला पुढं केला. नळाचं. तो घोट घेऊन म्हणाला, "आणि बाई काय करणार? तिला जुनी बाटली पाहिजे. जुन्या बाटलीची तुसं आणि नव्या दाण्याची तुसं पाण्यात पडल्यावर वेगळी ओळखता येतात का तुम्हाला?"

मला नाही येत. चाळीस वर्षं हातानं ओळखत आलो, पण ती नाही ओळखता येत. बाटलीची पुन्हा बाटली तरी होते म्हणे, कुठं कुठं करतात. तिचं जाकीट झालं की पुढं काही नाही. झिजत झिजत पाण्यात जायचं, उरलेलं नाल्यावर, शेळीखाली.

शुक्रवारी दहाच्या सुमारास बाई आली. तरुण होती, पायातल्या बुटांनी टाच सोललेली, लंगडत होती. खांद्याला स्टीलची बाटली. स्वतः असल्या विकतच्या बाटलीतलं पाणी प्यायची नाही वाटतं. गोडबोल्या तिच्यापुढं-मागं, खुर्ची घेऊन. ती बसली नाही. ढिगाशी गेली, वाकली, हवी ती बाटली उचलायची, वास घ्यायची, तळ बघायची. मुंग्या बघून तिचं समाधान झालं, मला कळलं ते. मळलेल्या कागदाचा फोटो काढला. न्हाव्याची एक बाटली तिच्या हातात आली, ती तिनं लगेच खाली ठेवली. त्याहून मोठा पुरावा कुठला?

मी इथंच होतो. म्हातारी पिंपाशी, सून दांड्यावर. गोडबोल्या मला डोळ्यानं सांगत होता, आजोबा, छान.

मग बाई झाकणांच्या पोत्याशी गेली. मूठभर काढली. त्यातली काही विहिरीच्या कठड्यावर ओळीनं मांडली. वाकून बघितली. मग आणखी मूठभर. गोडबोल्याचं बोलणं थांबलं. एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदा थांबलेलं ऐकलं.

बाई एक झाकण घेऊन माझ्याकडे आली. "आजोबा, हे कोणी चावलंय?"

"गिऱ्हाईकानं."

"आणि हे?"

"दुसऱ्या गिऱ्हाईकानं."

"दोघांचाही वरचा समोरचा डावा दात नाहीये," ती म्हणाली. "या पोत्यात एकाचाही नाहीये."

बघा. आ करतो, बघा. पडून सहा वर्षं झाली त्याला. पोतंभर झाकणं चावली आणि हे माझ्या लक्षात आलं नाही. मळ दिला, मुंग्या दिल्या, ऊन दिलं, आणि माणसं द्यायची राहिली. सगळ्या बाटल्या एकटाच प्यायलो मी.

सुनेचा दांडा पिंपात थांबला. मुलगा वरच्या गेटाशी उभा होता, पाळी सोडून आलेला, तिथून खाली बघत. कार्ड गळ्यात.

मग मी उठलो. सरळ उठलो, आणि उशी बाईच्या हातात दिली. म्हटलं, बाई, दाताचं सोडा, हे बघा. हे आमच्या विहिरीचं पाणी. तिनं अभ्र्याची शिवण उसवली, आत बोटं घातली, निळी तुसं काढून उन्हाकडे धरली. बराच वेळ धरली. मी एकेक सांगत गेलो. पंखा, जाकिटं, चिमणीची पिल्लं, ट्रक. गोडबोल्या मध्ये काही बोलायला गेला, तर ती म्हणाली, "तुम्ही थांबा." सगळं लिहून घेतलं तिनं. उशी बरोबर घेऊन गेली, गाडीत मांडीवर ठेवून, लहान मूल घेतात तशी.

महिन्याभरात पंख्याला जाळी बसली. हे पिंप-बिंप हललं आमच्या अंगणातून. विहीर उपसली त्यांनी, त्यांच्या खर्चानं, तीनदा. आता सकाळी वाकून बघितलं तर तळातला दगड मोजावा. मुलाला दुसरीकडे काम लागलं, खोकला थांबला. आणि मी पिंजण परत खाली काढलंय. लोक कापसाच्या गाद्या घेऊन यायला लागलेत.

झालं. आता सांगा, खोटं कुठलं?

"विहिरीतून उशी निघाली, ते."

ते खरं आहे.

"मग दात. सगळ्या झाकणांवर एकच दात, एवढं कसं कोणाच्या लक्षात येणार नाही?"

आत्ताच दाखवला की तुम्हाला. ते पण खरं.

"मग शेळीची नात."

ती बघा नाल्यावर. जमत नाही तुम्हाला. जागा माझ्याकडेच राहिली. हा आला चहा. घ्या, दादा. तू कशाला थांबलीस गं? कप नंतर ने.

"मामंजी, तुम्ही उठला नव्हतात."

अगं, पाहुण्यांसमोर...

"मी दांडा धरून उभी होते. वर गेटाकडे बघितलंत आणि तोंड मिटून बसून राहिलात. मुकादमांनी बाईंना सांगितलं, इकडच्या पाण्यानं सगळ्यांचा तोच दात पडतो. बाईंनी ते लिहून घेतलं आणि गेल्या. पान मिळालं. विहीर नितळ झाली असती तर सासूबाई आत्ता कार्ड घेऊन नळावर उभ्या कशाला राहिल्या असत्या?"

"मग ती उशी?"

"बाई समोर उभ्या होत्या तेव्हा मामंजी त्या उशीवरच बसलेले होते. आत्ताही बसलेत. दादा, चहा झाला की ताडपत्री सोडा. नव्याच आहेत ना?"

"नव्याच. आत खोकी पण आहेत, कागदांची."

"झाकणांचं पोतं आधी उतरवा. मामंजी, उठा आता, जागा त्यांची झाली. आणि या खेपेला दाढेनं चावा."